सर्जन की सृजन? आणि ‘सुचणं’, ‘पडणं’

गेल्या आठवड्यात एका लेखन-कार्यशाळेची पत्रिका हातात आली. वर ठळक अक्षरांत ‘सृजनशील लेखन’, आत मजकुरात ‘सर्जनशीलता’. एकाच कागदावर दोन रूपं. भाचीने विचारलं, “मावशी, ह्यातलं बरोबर कुठलं?” मी ‘सर्जन’ म्हटलं, पण का ते तिला नीट सांगायचं राहून गेलं. आठवडाभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून इथे मांडते.

व्याकरण सरळ आहे. धातू ‘सृज्’. त्याला ‘अन’ लागला की ‘ऋ’चा गुण होऊन ‘अर्’ होतो आणि शब्द तयार होतो ‘सर्जन’. विसर्जन, उत्सर्जन हे त्याच वळणाचे. गणपतीचं आपण ‘विसृजन’ करत नाही, मग कवितेचं ‘सृजन’ का करावं? ‘सृजन’ हिंदीत रुळलं आणि तिथून आपल्याकडे आलं. गुजरातीने ‘सर्जन’ आणि ‘सर्जक’ जपून ठेवले आहेत. मी स्वतः ‘सर्जन’ लिहिते, ‘सर्जनशील’ लिहिते.

पण ह्या निमित्ताने धातूचा अर्थ पाहिला आणि तिथे मी थांबले. ‘सृज्’ म्हणजे आधी सोडणं, मोकळं करणं, वाहू देणं. निर्माण करणं हा अर्थ त्यातूनच निघाला. ‘सृष्टी’ ह्याच धातूची. महाकाव्याचा ‘सर्ग’ ह्याचाच. ‘उत्सर्ग’, ‘संसर्ग’ ह्याचेच. आणि ‘निसर्ग’सुद्धा ह्याचाच! पावसाळ्यात दारासमोर जे हिरवं उसळून येतं त्याला आपण म्हणतो तो शब्द, आणि वहीत जे उतरतं त्याला म्हणतो तो शब्द, दोन्ही एका घरचे. इतकी वर्षं दोन्ही शब्द वापरत आले, पण ते सख्खे आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

आमच्या घरात बोलणं कोंकणीतून, भजन मराठीतून, आणि माझं लिहिणं मराठीतून. गोव्यात कितीतरी घरांत असंच आहे. पहाटे पडवीत बसून मी दोन पानं लिहिते. कधी कुळागराविषयी, म्हणजे आमच्या नारळी-सुपारीच्या बागेविषयी, कधी रात्री पाहिलेल्या… नाही, ‘पाहिलेल्या’ नव्हे, ‘पडलेल्या’ स्वप्नाविषयी. ह्या दोन क्रियापदांकडे मी येणारच आहे. सांगायचं ते असं, की ह्या दोन पानांना मी मनातसुद्धा कधी ‘सर्जन’ म्हटलेलं नाही. मी म्हणते, “आज काहीतरी सुचलं.” आई कोंकणीत म्हणायची, “म्हाका सुचलें.” दोन्हीकडे शब्द तोच, बांधणीही तीच.

ह्या बांधणीवरच माझा जीव आहे. ‘मी सुचते’ असं कुणी म्हणत नाही. ‘मला’ सुचतं. आठवतं ‘मला’, भासतं ‘मला’, उमगतं ‘मला’. पण लिहिते ‘मी’, खोडते ‘मी’, पुन्हा लिहिते ‘मी’. कुठवर आपल्याकडे आपोआप येतं आणि कुठून आपले कष्ट सुरू होतात, ती सीमा मराठीने ‘मला’ आणि ‘मी’ ह्यांच्यामध्ये आखून ठेवली आहे. आणि ‘सुचवणे’ बघा. ‘सुचणे’चं ते प्रयोजक रूप. म्हणजे मला जेव्हा सुचतं, तेव्हा कुणीतरी, काहीतरी मला सुचवत असतं, असं भाषाच धरून चालते. (लिहिताना सांभाळा: ‘सूचना’, ‘सूचक’ तत्सम, म्हणून ‘सू’ दीर्घ, ‘सुचणे’, ‘सुचवणे’ ह्यांत ‘सु’ ऱ्हस्व.)

आता ‘पडणे’. पाऊस पडतो, ऊन पडतं, दव पडतं, चांदणं पडतं. त्याच क्रियापदाने स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, कोडं पडतं, भूल पडते. आकाशातून जे येतं आणि मनात जे येतं, दोन्हींना एकच क्रियापद. माझा प्रश्न असा: स्वप्न ‘पडणं’ आणि स्वप्न ‘पाहणं’ ह्यांत तुम्ही फरक करता का? मी करते. पडतं ते झोपेतलं. पाहते ते आयुष्याविषयीचं. माझं पाहिलेलं स्वप्न छोटं आहे. इथल्या पावसाचे, पाण्याचे, झाडांचे शब्द गोळा करून एक लहान पुस्तक करायचं. ते काही मला पडलेलं नाही.

पुण्याहून एक वाचक:

ताई, ‘सर्जन’ व्याकरणाने बरोबर आहे, मान्य. पण ‘माझा भाऊ सर्जन आहे’ म्हटलं की तो कवी की शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, हे कसं कळायचं? ‘सृजन’ने ही अडचण सोडवली म्हणूनच ते लोकांनी उचललं असावं. शिवाय ऐकायला ते मऊ आहे. भाषेत जे रुजलं ते चुकीचं म्हणून उपटून काढायचं का?

दुसरं, ‘स्वप्न पाहणं’ नवीन आहे असं समजू नका. मांडूक्य उपनिषदात सुषुप्तीचं, म्हणजे स्वप्नही नसलेल्या गाढ झोपेचं, वर्णन करताना ‘न कञ्चन स्वप्नं पश्यति’ (कुठलंच स्वप्न पाहत नाही) असाच प्रयोग आहे. तिथे ते झोपेतलंच स्वप्न आहे. म्हणजे ‘पाहणे’ला झोपेतला अर्थही जुनाच आहे.

माझं उत्तर:

उपनिषदाचा दाखला फार मोलाचा. म्हणजे संस्कृतात स्वप्न पाहायचं, आणि ‘पडणं’ ही आपल्याकडची घडण. आपल्या शब्दाबद्दलचं माझं प्रेम वाढलंच. मी केलेला फरक आजच्या मराठीतल्या वापराचा आहे, तो जुन्यावर लादणार नाही. ‘स्वप्न’ हा शब्द मुळात ‘स्वप्’पासूनचा, ‘स्वप्’ म्हणजे झोपणं, आणि संस्कृतात ‘स्वप्न’चा अर्थ नुसती झोप असाही होतो. झोपेवरून झोपेतलं दृश्य, आणि त्यावरून जागेपणीची आकांक्षा. केवढा प्रवास केला आहे ह्या शब्दाने!

‘सृजन’ उपटावं असं मी म्हणत नाही. कुणी लिहिलं तर मी त्यावर लाल रेघ मारणार नाही. पण डॉक्टरचा मुद्दा मला पटत नाही. ‘सर्जन’ एकटा क्वचित येतो. ‘सर्जनशील’, ‘सर्जक’, ‘नवसर्जन’ ह्यांत कुणाचाही गोंधळ होत नाही. आणि ‘सृजन’ लिहिलं की ‘विसर्जन’शी असलेलं नातं तुटतं, ते मला सोसवत नाही. ते का, हे चवथीचं सांगितलं की कळेल.

चवथीला आमच्याकडे गणपतीवर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, आणि तिला रानातली नि कुळागरातली फळं, पानं, फुलं टांगायची. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, चिबूड, लालभडक कवंडळं. दोन दिवस आधी माणसं रानात जाऊन हे सगळं शोधतात. कुठलं फळ कुठल्या वाटेवर मिळतं, हे घरातल्या एखाद्यालाच पाठ असतं. लहानपणी मी माटोळीखाली उताणी पडून वर बघत असे. कवंडळाचा गोल लाल रंग, त्याच्या बाजूला तोरिंजनाची खडबडीत पिवळी साल, आणि वाऱ्याने सगळं मिळून हळू हलायचं. दीड दिवसाने गणपतीचं विसर्जन. आणलेलं सगळं पुन्हा मातीला, पाण्याला. ‘सर्जन’ म्हणजे सोडणं, हे मला धातुकोशात कळलं खरं, पण बघितलं होतं तिथे.

डिचोलीहून:

‘निसर्ग’विषयी थोडं. डोंगर-नदी-झाडं हा त्याचा अर्थ आज पहिला वाटतो, पण संस्कृतात ‘निसर्ग’ म्हणजे मुख्यतः स्वभाव, जन्मजात असलेलं. ‘तो निसर्गतःच शांत आहे’ ह्या वाक्यात आपण तोच जुना अर्थ अजून वापरतो. कोंकणीत आम्ही ‘सैम’ म्हणतो, ‘सैमीक’ म्हणतो. आमच्या घरातली पोरं निबंध मराठीत लिहिताना ‘निसर्गरम्य’ लिहितात आणि बोलताना ‘सैम’. तुमच्या पुस्तकात ‘सैम’ घेणार का?

माझं उत्तर:

घेणार. पुस्तक मराठीत असलं तरी गोव्याच्या पाण्याचे शब्द कोंकणीला वगळून गोळा होणारच नाहीत. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोंकणी आणि मराठी दोघींचाही उल्लेख आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून स्वयंपाकघरात त्या एकाच पाटावर बसत आल्या आहेत.

आणि ‘स्वभाव’ ह्या अर्थाबद्दल तुमचे आभार. ‘नैसर्गिक लेखन’ असं कुणी म्हटलं की मला ते झाडापानांविषयीचं वाटायचं. आता त्यात ‘आपल्या स्वभावाला धरून’ हा अर्थ ऐकू येतो.

आपल्याच भागातला एक शब्द तुम्हाला विचारते: ‘मानस’. मनाचा नव्हे, खाजनातला. इतर ठिकाणच्या वाचकांसाठी सांगते. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, जिथे कोरगूट भात होतं. त्या बांधात पाण्याची ये-जा राखणारं दार असतं, ती मानस. कुंभारजुव्याच्या खाडीकडे गेलं की अजून दिसते. लाकडी फळ्यांची दारं अशी बसवलेली असतात, की भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने ती आपणच मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने आपणच उघडतात. कुणी ओढावं लागत नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि मासे बाहेर निघतात, तिथे जाळं लावलेलं असतं.

नुसता उच्चार सारखा म्हणून व्युत्पत्ती जोडू नये, हे मला माहीत आहे, आणि मनाच्या ‘मानस’शी मी हिला जोडतही नाही. पण एका संध्याकाळी मी त्या दाराजवळ उभी होते. भरती संपून पाणी जरा थबकलं होतं, ना आत ना बाहेर. फळ्या मिटलेल्या. मग फटीतून बोटाएवढी धार आली, फळी किंचित थरथरली, आणि बघता बघता सगळं दार पाण्याने ढकलून उघडलं. महिनाभर मला काही सुचलं नव्हतं. रोज पडवीत बसत होते आणि वही मिटून उठत होते. त्या रात्री सहा पानं लिहिली. दार आतल्या पाण्याने उघडतं आणि त्यासाठी बाहेरचं पाणी उतरावं लागतं, एवढंच माझ्या मनात होतं. ‘सुचत नाही’ ह्या दिवसांना तेव्हापासून मी ‘भरती’ म्हणते. घरात आता सगळ्यांना तो शब्द कळतो.

पेडण्याहून:

आमच्याकडे म्हातारी माणसं ‘सपान’ म्हणतात, कोंकणीत ‘सपन’. ‘सपनांत आयलो’ म्हणजे गेलेलं माणूस येऊन काहीतरी सांगून गेलं, असा अर्थ असतो. त्याला ‘स्वप्न’ म्हटलं की ते पुस्तकी होतं. तुमच्या यादीत दोन्ही वेगळे शब्द म्हणून ठेवा.

‘उन्मेष’ हा शब्दही घ्या. प्रतिभेबरोबर तो नेहमी येतो, पण मूळ अर्थ पापणी उघडणं. ‘निमिष’ म्हणजे पापणी मिटणं. स्वप्नाच्या चर्चेत तो बसतो.

माझं उत्तर:

बसतो, आणि किती नेमका! ‘प्रतिभा’तसुद्धा ‘भा’, म्हणजे उजळणं. संस्कृतात ‘मां प्रतिभाति’ म्हणजे मला असं वाटतं, माझ्यासमोर उजळतं. तिथेही कर्ता ‘मी’ नाही. प्रतिभावंत, प्रतिभासंपन्न असे शब्द करून आपण तिला माणसाच्या मालकीची केली. मुळात ती समोरून येणारी.

‘सपान’ वेगळंच ठेवते. माझी आजी गेल्यावर आई म्हणाली होती, “सपनांत आयली, कांयच उलोवंक ना.” ह्याला मी मराठीत कसं लिहू, ह्यावर मी एक आख्खा पावसाळा घालवला आहे. ‘स्वप्नात आली, काहीच बोलली नाही’ असं लिहिलं की सगळे शब्द असतात आणि आई नसते. शेवटी वाक्य कोंकणीतच ठेवलं.

पावसाच्या शब्दांची यादी सध्या अशी: सर, झड, रिमझिम, भुरभुर, पिरपिर, संततधार, मुसळधार, वळीव. ‘पिरपिर’ आणि ‘भुरभुर’ ह्यांत तुम्ही कसा फरक करता? माझ्या कानाला पिरपिरीत कंटाळा ऐकू येतो, भुरभुरीत नाही. आणि पाऊस थांबल्यावर माडाच्या झावळ्यांवरून, सुपारीच्या पानांवरून जे पाणी बराच वेळ टपटपत राहतं, आकाश कोरडं पण कुळागरात मात्र पाऊस चालूच, त्याला तुमच्या गावात काही शब्द आहे का? आता हे लिहिताना बाहेर तेच चाललं आहे.