गिरण्या बंद पडल्या तेव्हा माणसं उभी राहिली म्हणे!

हिशेबी: 'लाडकी बहीण' योजनेत बायकांना दरमहा दीड हजार वाटून सरकार माणसं आळशी करतंय. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कोणी पैसे वाटले होते? तरी लालबाग-परळची माणसं उभी राहिलीच ना? काम गेलं तर नवं शिकायचं.

साचाखात्यातली मुलगी: कुठे पाहिलीत ही उभी राहिलेली माणसं? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाबा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आईची खाणावळ होती, पण जेवणारेच बेकार, पैसे कोण देणार? दादाची शाळा नववीत सुटली. काका कणकवलीला परत गेला आणि दारूनं संपला. आम्ही तगलो ते गावच्या तांदळावर आणि आईच्या मंगळसूत्रावर. सरकारनं करायचं ते आमच्या आईनं केलं. त्याचं श्रेय "नवं शिकायचं" याला देऊ नका, राग येतो.

हिशेबी: तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण दोन कोटी बायकांना दीड हजार म्हणजे वर्षाला ३६ हजार कोटी. आणायचे कुठून?

पेन्शनर ९५: दीड हजारावर भांडताय? ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून हजारावर अडकलीय! मी कारखान्यात २९ वर्षं काढली, हातात येतात एकवीसशे. बीपीच्या गोळ्यांत संपतात.

हिशेबी: ईपीएस मालकानं भरलेल्या पगाराच्या ८.३३ टक्क्यांतून येते, ती खैरात नाही. इथे तिचा संबंध काय?

पेन्शनर ९५: तेच तर म्हणतोय! ज्यानं भरलं त्याला एकवीसशे. आणि तो ८.३३ टक्के पुऱ्या पगारावर नाही, पगाराच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. आधी हे समजून घ्या, मग हिशेब शिकवा.

निफाडचा शेतकरी: पेन्शन राहू द्या. या दीड हजारांमुळे कांदा लावणीला मजूर मिळत नाहीत, त्यावर बोला.

लावणीवाली: रोज किती देता, तेही लिहा की भाऊ. दीड हजारात महिना निघतो का कुणाचा? फरक एवढाच, की आता कमी रोजाला नाही म्हणता येतं. तुम्हाला तेच खुपतंय.

निफाडचा शेतकरी: भाव पडल्यावर रोज वाढवायचा कुठून? मलाही कुणी हमी दिलेली नाही.

साचाखात्यातली मुलगी: दादा, तुम्हालाही हमी हवीच. हिशेबी, तुमच्या "कुठून"चं उत्तर महाराष्ट्रानं आधीच दिलंय. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदार शहर गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईसाठी भरत होतं. १९६९ चा माथाडी कायदा बघा. हमालाला कायम मालक नसतो, म्हणून काम देणाऱ्यानं मजुरीवर लेव्ही, म्हणजे वरचा आकार, भरायची आणि ती माथाडी बोर्डात जमा करायची. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक बदलला तरी हक्क माणसासोबत. माझा भाचा आज स्कूटरवर जेवण पोचवतो. पावसात घसरून पाय मोडला, दीड महिना घरी, कंपनीकडून छदाम नाही, कारण तो म्हणे कामगार नाही, "पार्टनर" आहे. आजोबांच्या गिरणीच्या जागी टॉवर आहे, तिथेच तो पार्सलं देतो. दर ऑर्डरवर लेव्ही का नको?

हिशेबी: लेव्हीचं पटतं, तेवढंच. दीड हजारांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

पेन्शनर ९५: आणि माझ्या एकवीसशेचं?