खिचडी आठवीपर्यंतच का? नववी-दहावीच्या जेवणाचा खर्च कोणी करायचा?

रानजाई (धागाकर्ती)

माझी मोठी नववीत, धाकटा सातवीत. शाळा एकच, अनुदानित. मधली सुट्टीही एकच. धाकटा व्हरांड्यात ताट घेऊन बसतो आणि मोठी माझ्याकडून नेलेल्या वीस रुपयांचा वडापाव फाटकाबाहेर उभी राहून खाते. सकाळी साडेसहाला घर सोडायचं असल्यामुळे माझ्याकडून दोघांचे डबे रोज होत नाहीत, हे आधीच कबूल करते. गेल्या वर्षी आठवीत असताना तीही त्याच व्हरांड्यात बसायची. जूनमध्ये वर्ग बदलला, तेवढ्यात भूक कमी झाली का?

कारण शोधलं तर ते कायद्यात सापडलं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात शाळेतलं मोफत जेवण आठवीपर्यंत, किंवा 6 ते 14 वयाला. शिक्षणहक्काची वयोमर्यादाही तीच. म्हणजे रेघ वयाची आहे, पोटाची नाही.

खर्च बघा. सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी साहित्याचा दर 1 मे 2025 पासून 10 रुपये 17 पैसे. वर्षाचे 220 दिवस धरले तर 2,237 रुपये. माझे वडापावचे होतात 4,400, आणि त्यात पोषण शून्य.

तमिळनाडूने 1984 मध्येच दहावीपर्यंतची मुलं यात घेतली. कर्नाटकातही दहावीपर्यंत मिळतं. आंध्रने जानेवारी 2025 मध्ये सरकारी ज्युनिअर कॉलेजातही सुरू केलं. आपल्याला काय अडलंय?

आडवा छेद

ताई, तुलनाच चुकली. वीस रुपयांत वडेवाल्याचं पीठ, तेल, गॅस, मजुरी आणि नफा सगळं आलं. तुमच्या 10.17 मध्ये फक्त 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, मीठमसाला आणि इंधन आहे. तांदूळ वेगळा, वाहतूक वेगळी, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन वेगळं. त्या मानधनाचं ऐकायचंय? केंद्राने 2009 मध्ये महिना 1,000 रुपये ठरवले, आजही केंद्राच्या हिशेबात तेवढेच. वरचे पैसे राज्य घालतं म्हणून चूल पेटते.

आणि राज्याची ऐपत? नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचे पैसे बंद. लोकवर्गणीतून जमलं तर द्या म्हणे. सातवीच्या पोराला अंडं देता येईना आणि आपण दहावीच्या पंगतीचे बेत करतोय. आधी आहे ते धड चालवा.

रानजाई

"आधी आहे ते धड चालवा" हे वाक्य 2001 मध्येही होतं. तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना कोरडं धान्य मिळत होतं. सुप्रीम कोर्टाने शिजवलेलंच अन्न द्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे चुली पेटल्या. धड झाल्यावर वाढवू म्हटलं असतं तर अजून पोती वाटत बसलो असतो.

खडूफळा

मी शिक्षक. आमच्या शाळेचा शापोआ नऊ वर्षं माझ्या गळ्यात आहे (शालेय पोषण आहार, आम्ही सगळे शापोआच म्हणतो). त्यामुळे दोन्ही बाजूंना चार गोष्टी ऐकवतो.

पोतं 50 किलोचं म्हणून उतरतं, काट्यावर कधी 48 तर कधी साडेसत्तेचाळीस भरतं. पावती मात्र 50 ची. दोन किलोंचा मेळ मी बसवायचा. रोज पट मोजा, ॲपवर आकडा टाका, चव रजिस्टर लिहा. चव घेणारा पहिला माणूस मीच, त्यामुळे कुणाला काही झालं तर पहिला मीच आजारी पडणार, एवढीच काय ती हमी. इंधन-भाजीपाल्याचं बिल उशिरा येतं. तोवर किराणा दुकानदाराला तोंड चुकवत मागच्या गल्लीने घरी जातो.

यात नववी-दहावी घातली की पट जवळपास दीडपट. भांडी तीच, मावशी त्याच दोन. आणि दहावीच्या वर्गाचा मास्तर फेब्रुवारीत पेपर तपासेल की मटकी निवडेल? माणूस वेगळा देणार असाल तर माझा होकार. शिक्षकांवरच टाकणार असाल तर स्पष्ट नकार.

आता कबुली. आमच्याकडे खिचडी उरली की ती नववीला जाते. रजिस्टरमध्ये तसं दिसत नाही. पातेलं रिकामं दिसलं की नववीची दोन-तीन पोरं हळूच परत फिरतात, ते मला रोज दिसतं.

काठावर पास

मी आत्ता अकरावीत आहे, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे मोठे हिशेब करताय, पण नववीचा मुलगा त्या रांगेत बसणारच नाही. आमच्यात सातवी-आठवीपासूनच "खिचडीवाले" म्हणून चिडवायचे. मी आठवीत असताना भूक असूनही ताट घेतलं नव्हतं, ग्राउंडवर फिरत बसायचो. फुकट दिलं तर अर्धं वाया जाईल. त्यापेक्षा शाळेत स्वस्त कँटीन काढा, दहा रुपयांत पोळीभाजी. पैसे दिले की कुणी हसत नाही.

रानजाई

तू मोकळेपणाने लिहिलंस, बरं वाटलं. पण चिडवाचिडवी का होते ते बघ. निम्मी मुलं खातात आणि निम्मी डबा उघडतात म्हणून. सगळेच बसले तर कोण कुणाला चिडवणार? आणि दहा रुपये ज्याच्याकडे नाहीत तो तुझ्यासारखाच ग्राउंडवर फिरणार. फरक एवढाच की तू लाजेने फिरलास.

काठावर पास

हं. पण माझे मित्र तरी बसले नसते.

दोन पळ्या तेल

एवढा व्याप कशाला? पैसे थेट पालकांच्या खात्यात टाका. 2,237 रुपये वर्षाला. ज्याला डबा द्यायचा तो देईल. पोतं नको, रजिस्टर नको, खडूफळा सरांची सुटका.

आडवा छेद

मी विरोधात आहे, पण यालाही विरोध. 2021 आठवा. उन्हाळी सुट्टीतल्या आहाराचे पैसे खात्यात देणार म्हणून मुलांची बँक खाती उघडायला सांगितली. रक्कम पहिली ते पाचवीला 156 रुपये, सहावी ते आठवीला 234. खात्यात किमान शिल्लक ठेवायला, झेरॉक्सला आणि गावातून बँकेत जायला त्याहून जास्त गेले असते. खात्यात आलेले 2,237 मोबाईलच्या रिचार्जला जातील की डाळीला, हे तुम्ही बघायला जाणार का?

दोन पळ्या तेल

गरिबाला पैसा दिला की तो उडवतोच, हे गृहीत धरणं मला पटत नाही. पण 156 चा किस्सा मान्य.

निळी गोळी

मी आरोग्यसेविका. पैशाचं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट तुमच्यापैकी कुणीच बोललं नाही.

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी शाळेतच दिली जाते. ती जेवणानंतर घ्यायची असते. आठवीपर्यंतची मुलं खिचडी खाऊन गोळी घेतात, काही होत नाही. नववी-दहावीच्या मुली सकाळी चहा-बिस्किटावर आलेल्या, त्यांना तीच गोळी उपाशीपोटी. मग मळमळ, पोटात दुखणं. एकीने उलटी केली की पुढच्या आठवड्यात अख्खा बाक गोळी खिशात घालतो. बाथरूममागच्या नळाजवळ निळ्या गोळ्या पडलेल्या मी स्वतः वेचल्यात. एकदा मोजल्या तर सतरा भरल्या.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्क्यांना रक्तक्षय निघाला. पाळी सुरू झालेली, उंची वाढतेय, आणि नेमकं तेव्हाच ताट काढून घ्यायचं. गोळीचा खर्च सरकार करतंच आहे की. ती नळाजवळ पडण्यासाठी करतंय.

आडवा छेद

हा मुद्दा मला माहीत नव्हता. मग फक्त मुलींना द्या. खर्च अर्धा.

निळी गोळी

आणि मुलांना शेजारी बसवून बघायला लावायचं? 13 ते 15 वयाच्या मुलाला दिवसाला 2,860 कॅलरी लागतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं कोष्टक सांगतं. त्याला मिसरूड फुटतंय, तो घरी आला की आईच्या वाटणीची भाकरी खातो. बाकी गोळी मुलांनाही असतेच.

आडवा छेद

ठीक. रोजचं जेवण राज्याला झेपणार नाही, या मतावर मी अजून आहे. पण गोळीच्या दिवशी तरी उपाशी ठेवू नये, इथवर येतो. आठवड्यातून एक दिवस. खडूफळा सर, तेवढ्याला वेगळा माणूस नको ना?

रानजाई

एक दिवस म्हणजे तोंडाला पानं पुसणं झालं. बाकीचे दिवस वडापावच?

खडूफळा

ताई, तुमचं खरं आहे, पण मी उद्याचं बघतो. आमच्याकडे गोळीचा वार सोमवार. तिथिभोजनाची सोय योजनेतच आहे, गावातलं कुणी वाढदिवसाला, पुण्यतिथीला मुलांना जेवण देऊ शकतं. चार दाते सोमवारसाठी मिळाले तर मला पातेल्यातली खिचडी लपवून वाढावी लागणार नाही. दाता आला नाही त्या सोमवारी पुन्हा नळाजवळ गोळ्या, हेही लिहून ठेवतो.

आत्ताच हजेरीपट काढला. नववीत 61, दहावीत 59. एकूण 120. दर 10.17 ने एका सोमवारचे 1,220 रुपये 40 पैसे.

आडवा छेद

तांदूळ धरला नाही.

खडूफळा

नाही धरला. 18 किलो लागेल.