‘स्पायडर-मॅन २’ : काय मनात राहिलं, काय खटकलं? – तुमचे अनुभव लिहा

सुपरहिरोपटाच्या पहिल्या भागाचं काम तसं सोपं असतं. नायकाला शक्ती मिळते, तो बावचळतो, पहिल्यांदा भिंतीवर चढतो किंवा उडतो, आणि या नवलाईवरच निम्मा चित्रपट निघून जातो. दुसऱ्या भागाकडे ही नवलाई उरलेली नसते. मग बहुतेक जण खलनायक वाढवतात, पडझड वाढवतात. सॅम रायमी यांनी २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये नायकाचा महिना कसा निघतो ते दाखवलं. पीटर पार्करची पिझ्झा पोचवायची नोकरी जाते, घरभाडं थकतं, कॉलेजात प्राध्यापक बोल लावतात. जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या मेरी जेनच्या नाटकाला तो धावतपळत पोचतो, तर दार बंद झालेलं असतं आणि दारावरचा माणूस काही केल्या आत सोडत नाही.

माझं सगळ्यात लाडकं दृश्य जेमतेम काही सेकंदांचं आहे. पीटर सार्वजनिक धुलाईयंत्रात कपडे धुतो आणि पोशाखाचा लाल-निळा रंग त्याच्या पांढऱ्या कपड्यांना लागतो. मी तेव्हा नोकरीसाठी एकटा राहत होतो आणि रविवारी असाच यंत्रापुढे बसून असायचो. हा माणूस मला ओळखीचा वाटला, तो आजतागायत.

खटकतं ते शेवटाकडे. इतकी वेगळी वाट धरलेली गोष्ट अखेरीस पहिल्या भागाच्याच मुक्कामाला येते: नायिकेला पळवलं, बांधून ठेवलं, या आता सोडवायला.

तुम्ही लिहा. नुसतं ‘भारी’ किंवा ‘बकवास’ नको. काय जमलं, काय फसलं आणि ते तुम्हाला का जाणवलं, हे तुमच्या अनुभवातून आलं तर फार बरं.

*

मी फिरकी गोलंदाज होते. एकोणिसाव्या वर्षी एका मोसमात माझा चेंडू हातातून सुटेनासा झाला. म्हणजे अक्षरशः. बोटं वेळेवर उघडायचीच नाहीत. एक चेंडू पायाशी आपटायचा, दुसरा फलंदाजाच्या डोक्यावरून जायचा. खांदा तपासला, मनगट तपासलं, सगळं ठणठणीत. सराव वाढवला तसं आणखी बिघडत गेलं.

त्याच काळात हा चित्रपट पाहिला. पीटरचं जाळं मनगटातून निघत नाही, तो उंचावरून खाली पडतो, चष्मा परत लावावा लागतो. डॉक्टरकडे जातो तेव्हा असं स्वप्न आपल्या मित्राला पडल्याचं तो सांगतो. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला, कारण मीही प्रशिक्षकांना ‘एका मैत्रिणीचं असं होतंय’ असंच सांगितलं होतं. पडद्यावरचा डॉक्टर त्याला शरीराचं काही सांगत नाही. कदाचित तू भिंती चढायचं कारणच नसेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. मला असं कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून फार हलकं वाटलं.

शक्ती का गेली हे चित्रपट धड सांगत नाही, अशी तक्रार मी खूपदा ऐकली आहे. माझ्या लेखी ती या चित्रपटाची जमेची बाजू आहे. असं होतं तेव्हा कारण सापडत नाही, आणि तोच त्यातला जाच असतो.

उणीव मला दिसते ती शक्ती परत येण्यात. उपाहारगृहाच्या काचेतून गाडी येऊन आदळते, मेरी जेनला उचलून नेतात, आणि क्षणात सगळं पूर्ववत. इतका वेळ हळूहळू गेलेली गोष्ट एका झटक्यात परत. माझा चेंडू परत यायला चौदा महिने लागले. आधी जवळून भिंतीवर टाकायचा, मग थोडं लांबून, मग डोळे मिटून. एखाद-दुसऱ्या अशा पायरीला चित्रपटात जागा हवी होती. मधे तो एकदा उडी मारून बघतो आणि पाठ धरून बसतो, लोक तिथे हसतात, पण मला त्या जागी आणखी दोन-चार मिनिटं हवी होती.

*

मी मोटरमन आहे. आगगाडीचा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा हात खुर्चीच्या कडेवर ब्रेक शोधत होता.

आधी चूक सांगतो. पाठीला चार यांत्रिक बाहू चिकटलेला खलनायक ऑक्टेव्हियस नियंत्रणाचा दांडा उखडतो आणि गाडी सुसाट सुटते. आमच्याकडे व्यवस्था नेमकी याच्या उलट असते. हवेच्या ब्रेकमध्ये नळीतला दाब टिकून असेपर्यंत ब्रेक सुटलेले असतात. नळी फुटली, डबा तुटला, दाब गेला की ते आपोआप लागतात. चालकाच्या हातातला दांडाही तसाच. हात सुटला, माणूस कोसळला, तर गाडीने थांबावं अशीच त्याची रचना असते. बिघाड झाला की थांबायचं, हा रेल्वेचा पाया. तेव्हा एक दांडा मोडल्याने गाडी अनावर होणं पटत नाही. शिवाय मॅनहॅटनमधली म्हणून दाखवलेली ही उन्नत मार्गावरची दृश्यं शिकागोत चित्रित केली आहेत. ज्यांना ते मार्ग माहीत आहेत त्यांना ते लगेच कळतं.

आता काय बरोबर आहे ते. पीटर आधी पाय लावून गाडी रोखायला बघतो आणि रुळाखालचे स्लीपर काडीसारखे मोडत जातात. मग तो दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी टाकतो, एक नाही, अनेक, आणि ती ताणली जात राहतात. गाडी जागच्या जागी थांबत नाही, रेंगाळत, कण्हत थांबते. वजन आणि वेग अंगात मुरलेल्या माणसाला हे दृश्य पटतं. शेकडो टनांचा ऐवज थांबवायचा तर अंतर द्यावं लागतं. चित्रपटाने ते अंतर दिलंय, आणि त्या अंतरात त्याचा चेहरा दाखवलाय. मुखवटा नाही, तोंड वेडंवाकडं झालंय, दातओठ खाल्लेत.

पुढे तो कोसळतो आणि प्रवासी त्याला झेलून डोक्यावरून आत नेतात. त्यातला एक जण म्हणतो की हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाएवढाच. तीस वर्षांत गाडीतले प्रवासी मला पाठीमागचा आवाज म्हणूनच माहीत होते. त्यांचे चेहरे दिसत नाहीत ना आम्हाला. त्या दृश्यानंतर मी एकदा सुटी असताना मुद्दाम शेवटच्या डब्यात बसून शेवटच्या स्थानकापर्यंत गेलो, नुसता लोकांकडे बघत.

*

पालक म्हणून लिहितेय. मुलगा सहा वर्षांचा होता आणि लाल-निळा पोशाख म्हणजे मुलांचा चित्रपट असं मी गृहीत धरलं होतं. शस्त्रक्रियागृहाच्या प्रसंगाने त्याची झोप आठवडाभर उडाली. डॉक्टर ऑक्टेव्हियसचे ते यांत्रिक बाहू कापायला घेतात आणि बाहू जागे होतात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, किंकाळ्या, करवतीचा आवाज आणि फरशीवर ओरखडे काढत ओढली जाणारी बोटं. मुलाने तेवढ्यापुरते डोळे मिटले होते, कान उघडे होते. घाबरवलं ते आवाजाने.

प्रसंग वाईट आहे असं म्हणत नाही. पण त्याच्या आधीच्या दृश्यात आणि त्यात इतकी दरी आहे की लहान मुलाला सावरायला उसंत मिळत नाही. लहान मुलांना दाखवणार असाल तर आधी तुम्ही एकटे बघा.

*

वरच्या ताईंच्या मुद्द्यावर थोडं. रायमी भयपटांतूनच आलेले. १९८१ च्या ‘द एव्हिल डेड’ने त्यांचं नाव झालं. या प्रसंगात ते स्वतःच्या मूळ घरी परतलेत, म्हणून तो इतका पक्का उतरलाय.

मी दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात काम करतो आणि या चित्रपटाच्या बाहूंनी मला या धंद्यात आणलं. ते सगळे संगणकावरचे नाहीत. जवळच्या बऱ्याच दृश्यांत खरेखुरे बाहू बनवून ते बाहुल्यांसारखे हाताने नाचवले आहेत, एकेका बाहूमागे अनेक माणसं. ऑक्टेव्हियस झालेले आल्फ्रेड मोलिना त्यांच्याशी बोलतात तेव्हा समोर खरंच काहीतरी असतं, त्याला वजन असतं, ते नजरेला नजर देतं. कुठे खरा बाहू संपतो आणि संगणकाचा सुरू होतो, हे मला आजही काही जागी थांबवून बघावं लागतं. २००५ च्या ऑस्करमध्ये दृश्यपरिणामांचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला तो योग्यच.

पण खरं सांगायचं तर संगणकाची माणसं आज थकलेली दिसतात. बँकेतून बाहेर पडून इमारतीच्या भिंतीवर जी मारामारी होते, तिथे दोघांचीही शरीरं मधेच रबरी होतात. गुरुत्वाकर्षण सोयीने येतं-जातं. आम्ही नवशिक्यांना शिकवताना हा चित्रपट दोन्हींसाठी वापरतो. बाहू कसे करावेत, आणि माणसाच्या उडीतलं वजन कुठे हरवतं.

*

सोळाव्या वर्षी पाहिला तेव्हा मी मेरी जेन व्हायला निघाले होते. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा पाहिला आणि मला तिचा राग आला, मग तिला लिहिणाऱ्यांचा आला. तिच्याकडे नाटक आहे, रंगमंच आहे, शहरभर तिच्या चेहऱ्याचे फलक आहेत. पण तिच्या कामाबद्दल एकही दृश्य असं नाही ज्यात पीटरचा विषय नाही. ती रंगमंचावर असते तेव्हाही कॅमेरा रिकाम्या खुर्चीकडे बघतो.

आणि तो नवरामुलगा! अंतराळवीर, सालस, काही वाकडं केलेलं नाही. ऐन लग्नाच्या दिवशी तिची चिठ्ठी येते. ती पांढऱ्या वेषात पळत सुटते, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. मी मोडलेल्या साखरपुड्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आहे, त्यामुळे मला टाळ्या वाजवता येत नाहीत. त्याचा चेहरा चित्रपटाने आणखी दहा सेकंद दाखवला असता तरी माझी हरकत निम्म्यावर आली असती.

*

शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. ऑक्टेव्हियसच्या प्रयोगातला संलयनाचा, म्हणजे अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा काढण्याचा, ‘छोटा सूर्य’ नदीत बुडवून विझवतात, त्यावर वर्गात दर वर्षी प्रश्न येतो. खऱ्या संलयनात अडचण उलटी असते, ते चालू ठेवणंच महाकठीण. चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेला तप्त प्लाझ्मा जरा विस्कटला की थंड होतो आणि प्रक्रिया आपसूक थांबते. शहर गिळण्याइतकी वाढत जात नाही. त्याचं इंधन असलेलं ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, दुर्मिळ असतं हे मात्र खरं सांगितलंय. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्यामुळे निसर्गात ते साठून राहत नाही.

मला याहून मोठी उणीव ऑक्टेव्हियसच्या हृदयपालटात वाटते. पूर्ण चित्रपटभर बाहूंच्या ताब्यात असलेला माणूस पीटरच्या चार वाक्यांनी भानावर येतो. मोलिनांच्या अभिनयाने ते निभावून नेलंय, लिखाणाने नाही.

*

पहिला भाग न बघता थेट हा पाहिला होता. काही अडलं नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ॲलेक्स रॉस यांच्या चित्रांतून मागची गोष्ट सांगून टाकली आहे, एक शब्दही न वापरता. शेवटी पीटरचा मित्र हॅरी याला आरशात त्याचा मेलेला बाप दिसतो ते मात्र मला अजिबात कळलं नाही, आणि नंतर कळल्यावरही ते या गोष्टीचं वाटलं नाही, पुढच्या चित्रपटाचं वाटलं.

*

मला फक्त एका हाताबद्दल लिहायचंय.

पीटर मे काकूला खरं सांगतो. बेन काका गेले त्या रात्री चोराला आपण अडवू शकलो असतो, पण अडवलं नाही, असं. दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली. त्याचा हात तिच्या हातावर. तो बोलत जातो आणि ती हळूच हात काढून घेते. ओरडत नाही, रडत नाही. उठते, जिन्याने वर निघून जाते. तो तिथेच बसून राहतो.

माझे वडील आजारी असताना एका रात्री माझी पाळी होती आणि मी झोपी गेलो. काही झालं नसतं कदाचित, डॉक्टरही तसंच म्हणाले. पण पहाटे झालं. आईला मी वर्षभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले, पण माझ्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, ‘इतके दिवस एकट्याने का वागवलंस?’

चित्रपटातही काकू नंतर बोलते, घर बदलायच्या सामानात उभी राहून. ते भाषण थोडं लांब आहे आणि थोडं लिहून आणल्यासारखं. अनेकांना तोच चित्रपटाचा गाभा वाटतो. माझ्यासाठी तो हात पुरे होता. ज्याने तो हात काढून घ्यायला सांगितलं, त्याला लोकांच्या घरात काय घडतं ते माहीत होतं.

*

माझे पती रुग्णवाहिका चालवतात. मेरी जेनबद्दल वर जे आलंय ते बरंचसं पटलं, तरी एक जोडते.

शेवटी ती त्याच्या दारात येऊन उभी राहते. मिठी मारतात, आणि तेवढ्यात बाहेर सायरन. ती स्वतःच त्याला जा म्हणते. तो खिडकीतून झेप घेतो, इमारतींमधून झोके घेत जातो, संगीत चढतं, दुसरा कुठलाही चित्रपट तिथे संपला असता. हा चित्रपट तिच्याकडे परत येतो. ती खिडकीशी उभी आहे, अजून लग्नाच्या वेषात. आधी हसू आहे, मग ते सावकाश उतरत जातं, आणि शेवटची चौकट त्या चेहऱ्याची आहे.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. फोन रात्री दोनला वाजतो, ते मोजे शोधत असतात, मी दिवा लावते, ‘जा, सावकाश चालवा’ म्हणते. दार लागतं. मग मी तशीच उभी असते थोडा वेळ, खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत.