मदत हवी आहे : समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस राहण्यासाठी योग्य जागा सुचवा

वैनगंगा :
आम्हाला नागपूरहून जाऊन समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस मुक्काम करायचा आहे आणि त्यासाठी स्वच्छ, घरगुती आणि अगदी किनाऱ्यालगतची जागा हवी आहे. गेले पंधरा दिवस मी रोज रात्री संकेतस्थळे चाळत आहे, पण प्रत्येक जाहिरातीत घर ‘समुद्रापासून दोन मिनिटांवर’ असते आणि त्या दोन मिनिटांच्या वाटेवर काय आहे हे कोणीच लिहीत नाही. रोजचे भाडे दोन खोल्यांचे मिळून चार हजारांपर्यंत चालेल. जवळपास पाहण्यासारखे काय आहे तेही सांगावे. कृपया लवकर उत्तर द्यावे, कारण जागा भरत चालल्या आहेत.

सीताबर्डीकर :
ताई, कोणता समुद्र, कोणता महिना, किती माणसे आणि प्रवास कशाने, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. नागपूर हे देशाच्या मधोमध असल्यामुळे आपल्याला दोन्ही किनारे सारखेच दूर वाटतात आणि म्हणूनच हा खुलासा आधी व्हायला हवा. पावसाळ्यात जाणार असाल, तर कोकणात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, हेही लक्षात घ्यावे.

पूर्वकिनारा :
माझे मत विचाराल तर सरळ विशाखापट्टणमला जा. सरळ रेषेत मोजले तर नागपूरहून मालवण सुमारे सव्वाआठशे किलोमीटर आहे, विशाखापट्टणम मात्र सहाशेच्या आतच येते. तरीही आपल्याकडे समुद्र म्हटले की कोकणच आठवते, याचे मला नेहमी वाईट वाटते. समता एक्सप्रेस रायपूर, रायगडा, विजयनगरम या मार्गाने थेट नेते. तिथे रामकृष्ण किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही खरीखुरी पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवली आहे आणि तिच्या पोटातून चालत जाता येते. ऋषिकोंड्याचा किनारा आहे, कैलासगिरीला रोपवे आहे आणि एक दिवस काढला तर बोर्रा गुहा आणि अराकूचे खोरेही होते. आम्ही सहकुटुंब तीनदा गेलो आहोत.

कोकणवेडा :
पूर्वकिनारा यांचा अनुभव मान्य आहे, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ असतो. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद वादळ विशाखापट्टणमवरच धडकले होते. महिना कळल्याशिवाय ती जागा सुचवणे मला योग्य वाटत नाही. माझ्या मते गणपतीपुळ्याला पर्याय नाही, कारण मंदिर आणि समुद्र एकाच जागी आहेत, मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान आहे, जयगडचा किल्ला आहे आणि रत्नागिरीत थिबा राजवाडा व लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहता येते.

पूर्वकिनारा :
एका वादळावरून एखादे शहर बाद करायचे असेल, तर जून 2020 मधले निसर्ग आणि मे 2021 मधले तौक्ते ही वादळे कोकणानेही सोसली आहेत, याचा विसर पडू नये. शिवाय गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा आहे, हे आपण लिहायला हवे होते. तिथे पाण्याची ओढ जबरदस्त असते.

कोकणवेडा :
ते खरे आहे आणि माझ्याकडून राहून गेले. मात्र रामकृष्ण किनाराही पोहण्यासाठी सुरक्षित नाही, हे आपणही सांगितलेले नाही.

समृद्धीयात्री :
आपण सर्व जण रेल्वेचा विचार का करत आहात, हे मला कळत नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला झालेला आहे. पहाटे निघाल्यास दुपारपर्यंत मुंबईच्या वेशीवर पोहोचता येते आणि तिथून अलिबाग, दिवेआगर, हरिहरेश्वर असे सगळे किनारे हाताशी येतात. फक्त टायरमधील हवा आणि त्यांचे वय तपासून घ्यावे, कारण सिमेंटच्या सरळ रस्त्यावर ताशी 120 किलोमीटर वेगाने तासन्‌तास गाडी चालवताना टायर फार तापतात. दर दीड-दोन तासांनी थांबावे, कारण एकसुरी रस्त्यावर झोप नकळत येते.

सीताबर्डीकर :
टायरबद्दलची माहिती मोलाची आहे, पण ताईंकडे गाडी आहे की नाही हेच अजून कळलेले नाही.

वैनगंगा :
विशाखापट्टणम, अलिबाग आणि गणपतीपुळे यांवर आपण एवढे लिहिले त्याबद्दल आभारी आहे, परंतु आमची कुडाळची तिकिटे काढून झाली आहेत. नागपूर–मडगाव विशेष गाडीने आम्ही जाणार आहोत. कुडाळ म्हणजे मालवण आणि तारकर्ली हे सर्वांना कळेल असे मी गृहीत धरले होते आणि मुळात मी कुडाळचे नावच लिहिले नाही, ही माझी चूक झाली. आम्ही चौघे आहोत : मी, यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. जाणे डिसेंबरमध्ये आहे. आता तरी कृपया जागेबद्दल सांगावे.

काळा वाटाणा :
ताई, माझे सासर मालवण तालुक्यातले आहे आणि माहेर नागपूरच्या महाल भागातले, म्हणून दोन्हीकडचे थोडे सांगू शकते. आईंचे वय किती आहे आणि त्यांना चालता-चढता कितपत येते, हे आधी सांगा. बाकी सगळे त्यावर ठरेल.

वैनगंगा :
आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात. सपाट जागी काठी घेऊन चालते, पण चार-पाच पायऱ्यांच्या वर चढत नाही आणि खाली बसून उठता येत नाही. तिचे सारे आयुष्य पवनीत गेले. तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे गोसीखुर्द धरणाचे. समुद्र तिने कधीच पाहिलेला नाही आणि तिला एकदा समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभे राहायचे आहे. खरे म्हणजे ही सहल तिच्यासाठीच आहे.

काळा वाटाणा :
हे पहिल्याच वेळी सांगितले असते, तर इतरांचे श्रम वाचले असते. असो. आता नीट ऐका.

मालवण गावात राहिलात तर बाजार, दवाखाने आणि किल्ल्याचा धक्का जवळ पडतो आणि चिवला किनारा गावातच आहे. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे; वाळू उत्तम आणि किनारा लांबलचक, पण शनिवार-रविवारी गर्दी असते. त्याच रस्त्याने पुढे देवबाग लागते. ती जमिनीची अरुंद पट्टी आहे : एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि टोकाला दोन्हींचा संगम. घरे बैठी आहेत, अंगणात माड आहेत आणि शांतता आहे. आईंसाठी मी तारकर्ली ते देवबाग या पट्ट्यातच जागा पाहीन.

पण एक गोष्ट जाहिरातीत कधीच दिसत नाही. समुद्राने जमीन खाऊ नये म्हणून देवबागेत जागोजागी मोठमोठ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातलेला आहे. अंगणातून समुद्र अगदी हाताच्या अंतरावर दिसतो आणि तरुण माणसे ते दगड सहज ओलांडून जातात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो बंधारा म्हणजे भिंतच. घर समुद्रापासून पन्नास पावलांवर असूनही माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला चार दिवस ओसरीतूनच समुद्र पाहावा लागला होता. म्हणून फोनवर घरमालकांना स्पष्ट विचारा : बंधारा आहे का, असल्यास वाळूवर उतरायला मोकळी वाट किती लांब आहे, आणि त्या वाटेवर पायऱ्या आहेत का? खोली तळमजल्यावर आहे का आणि उंच बैठकीचा कमोड आहे का, हेही विचारा. खोलीतून समुद्र दिसण्याचा हट्ट सोडा; तशा खोल्या बहुधा वरच्या मजल्यावर असतात.

किल्लेदार :
मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला न पाहता परत येऊ नये. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. चारही बाजूंनी खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर तिथे आहे आणि महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसाही जतन केलेला आहे. आईंना हे दर्शन अवश्य घडवावे.

काळा वाटाणा :
आपली भावना मी समजू शकते, पण होडीत चढताना आणि उतरताना हलत्या फळीवरून एक पाय उंच टाकावा लागतो, पुढे किल्ल्यात उन्हातून बरेच चालावे लागते. ताईंनी यजमानांना आणि मुलाला सकाळी किल्ल्यावर पाठवावे आणि स्वतः आईंसोबत धक्क्यावर बसावे. तिथून किल्ल्याचा तट पूर्ण दिसतो.

किल्लेदार :
धक्क्यावरून पाहणे आणि आत जाणे यांत फरक आहे, एवढेच म्हणतो. निर्णय आईंचा असावा.

वैनगंगा :
किल्ल्याचे तिलाच विचारते. जेवणाचे एक राहिले : आई आणि मी शाकाहारी आहोत. आणि परतीची तिकिटे प्रतीक्षा यादीत आहेत, त्याचीही काळजी आहे.

काळा वाटाणा :
जेवणाची अजिबात चिंता नको. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, घावणे, सोलकढी असे सारे घरगुती मिळते. फक्त आदल्या रात्री सांगून ठेवावे लागते. सावजीची सवय असलेल्यांना ते सौम्य वाटेल, पण आईंना मानवेल.

सीताबर्डीकर :
परतीसाठी दुसरी सोय आजच हाताशी ठेवा. तुतारी एक्सप्रेसने कुडाळहून दादर, एक दिवस मुंबईत विश्रांती आणि मग विदर्भ एक्सप्रेसने नागपूर, हा मार्ग लांबचा आहे, पण आईंना एका दमात प्रवास होणार नाही. तिकीट काढताना वय अचूक भरा, म्हणजे उपलब्ध असल्यास खालचा बर्थ मिळतो.

भरतीओहोटी :
उशिरा लिहीत आहे, पण मूळ इच्छा पाण्यात पाय बुडवण्याची आहे आणि त्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. भरतीच्या वेळी कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालावे लागते आणि त्यात काठी रुतते. ओहोटीला पाणी मागे सरते, तेव्हा ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावरून काठी घेऊनही चालता येते. भरतीच्या वेळेचा किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. ठिकाणानुसार ही वेळ पाऊण-एक तास मागेपुढे होते. ताई, आपण तिथे कोणत्या तिथीला असाल?

वैनगंगा :
दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही कुडाळला उतरतो.

भरतीओहोटी :
मग दत्तजयंतीचीच संध्याकाळ धरा. मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे तिथी पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी अकराच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आसपास ओहोटी. आणि पौर्णिमेच्या उधाणामुळे त्या दिवशी पाणी इतर दिवसांपेक्षा जास्त मागे हटते. डिसेंबरात मालवणला सूर्य नागपूरपेक्षा जवळजवळ अर्ध्या तासाने उशिरा मावळतो, त्यामुळे उजेडही पुरेसा मिळेल. लाटेकडे पाठ करून आईंना उभे करू नका आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरा, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. नेमकी वेळ मात्र घरमालकांकडून पक्की करून घ्या.

वैनगंगा :
आज पाच ठिकाणी फोन केले. तिघांकडे बंधारा आहे आणि एकाकडे खोली वरच्या मजल्यावर आहे. पाचवे घर तारकर्लीच्या पुढे, देवबागच्या वाटेवर आहे. तिथे बंधारा नाही, ओसरीला दोनच पायऱ्या आहेत आणि अंगणातून सपाट वाटेने वाळूवर जाता येते. दोन खोल्यांचे तीन हजार आठशे ठरले आणि आगाऊ रक्कमही पाठवली. ओहोटीची वेळ विचारली तेव्हा घरमालकीणबाई म्हणाल्या की त्या दिवशी पाच वाजताच निघा, मी मुलाबरोबर एक खुर्ची पाण्यापर्यंत पाठवून देते.