वडील गेलेला विद्यार्थी वर्गात परत येताना

प्रश्न (शिक्षिका): माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलाचे वडील अपघातात गेले असून तेराव्यानंतर तो सोमवारी शाळेत येणार आहे. वर्गाला आधी काय सांगावे?

उत्तर (समुपदेशक): घरी त्याला काय सांगितले आहे, हे प्रथम त्याच्या आईला विचारावे. ‘बाबा झोपले’ असे म्हणण्यापेक्षा ‘मरण पावले’ असे स्पष्ट सांगणे बरे, कारण लहान मुले शब्दशः अर्थ घेऊन झोपेलाही घाबरू लागतात. तो मध्येच हसेल, खेळेल. म्हणून तो विसरला असे समजू नये. झोप, जेवण, अभ्यास अनेक आठवडे बिघडलेलेच राहिले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक): १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा आश्रमशाळेत असलेली काही मुले वाचली, पण त्यांचे आईवडील गेले, अशा मुलांसाठी शाळा हेच उरलेले ओळखीचे ठिकाण असते, म्हणून त्याचा बाक आणि सोबती बदलू नयेत. (आणि ‘माझे बाबा’ हा निबंध यंदा कृपया टाळा.)

शिक्षिका: निबंध याच महिन्यात होता. आज आईंना भेटते.