हाताखालच्या देखण्या वस्तू: तुमचे अनुभव

काल सांडशीचा खिळा सैल झाला म्हणून ती उलटसुलट करून बघत होते. वीस वर्षं रोज हातात आहे, पण नीट पाहिली ती कालच. तोंड आखूड, दांडे लांब. म्हणून हाताने जरासं दाबलं तरी काठावर पकड घट्ट बसते. तुमच्याकडची अशी एखादी वस्तू सांगा. शोकेसमधली नको, खरकटी होणारी हवी!

*

आमची विळी. पाट फणसाचा, पातं मिटणारं, टोकाला खवणी. सुरीने चिरताना एक हात सुरीतच अडकतो. इथे पायाने पाट दाबला की दोन्ही हात मोकळे. पातं जागचं हलत नाही, भाजी त्याच्याकडे जाते. पाटावर उजवीकडे एक उथळ, गुळगुळीत खळगा आहे. आधी आजीचा पाय तिथे असायचा, मग आईचा. मी बसले की माझी टाच आपोआप त्यातच जाते.

*

विळीचं कौतुक मान्य, पण जरा गुडघ्यांनाही विचारा की! ओट्याला लावायची आणली, तर दर नारळाला तिचा स्क्रू सुटतो.

*

पुण्यात तांबट आळीतून हंडा घेतला. त्यावरचे ठोके मी नक्षी समजत होतो. ते मठारकाम. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, सहजासहजी पोचा येत नाही. म्हणजे आधी काम, देखणेपण त्यातूनच आलेलं.

*

लोट्याचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने 1958 साली भारत सरकारसाठी अहवाल लिहिला, त्यात चक्क लोट्याबद्दल भलीमोठी यादी आहे: रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात कसा नेतात, डोळे मिटून हाताला कसा लागतो, दगडावर ठेवला की आवाज कसा येतो. पुढे 1961 मध्ये अहमदाबादला एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली ती याच अहवालातून. हे वाचून मी गावी मोरीतला तांब्या दगडावर ठेवून ठेवून ऐकत बसलो. रिकामा खणखणतो, भरलेला नुसता 'ठप्'. आई आतून ओरडली, "अरे आपटू नकोस, पोचा येईल!"

*

आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर. वाफच झाकण काठाशी दाबून धरते, त्यामुळे वाफ असेपर्यंत उघडतच नाही. घाई करणाऱ्या नवऱ्यासाठी उत्तम.

*

न्यू जर्सीत आमच्याकडे मिसळणाचा डबा आहे, आईने दिलेला. सात वाट्या, मधली एक आणि भोवती सहा. लेकीने एकसारखी नाणी मांडून दाखवलं, एका नाण्याभोवती त्याच मापाची बरोबर सहाच बसतात, फट न ठेवता. एवढी भूमिती रोज फोडणीत जात होती, पत्ताच नव्हता. चमचा मात्र एकच, आणि तो कायम हळदीत.