कैरो २००९: घानाच्या पोरांचा तो कप कशानं मोजायचा?

डावखुरा

१६ ऑक्टोबर २००९. आपल्याकडे दिवाळी सुरू होती, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. तिकडे कैरोच्या आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर वीस वर्षांखालील विश्वचषकाची फायनल, घाना विरुद्ध ब्राझील. ब्राझील तोवर चार वेळा जिंकलेला. घाना दोनदा फायनलला येऊन हरलेला, १९९३ साली याच ब्राझीलकडून आणि २००१ साली अर्जेंटिनाकडून. नायजेरियाही १९८९ आणि २००५ला शेवटच्या पायरीवरून परत गेलेला. आफ्रिकेतल्या एकाही देशानं हा कप उचललेला नव्हता.

३७व्या मिनिटाला घानाच्या डॅनियल अ‍ॅडोला थेट लाल कार्ड. तिथून पूर्ण वेळ संपेपर्यंत ५३ मिनिटं आणि जादा वेळेची ३०, म्हणजे ८३ मिनिटं दहा पोरं खेळली. समोर डग्लस कोस्टा, जुलियानो, अ‍ॅलेक्स टेक्सेरा. तरी गोल नाही, ०-०. मग पेनल्टी. ब्राझीलची पाचवी किक मायकॉनची (इंटर मिलानचा बॅक तो हा नव्हे, हा वेगळा). ती आत गेली असती तर कप ब्राझीलचा होता, पण चेंडू बारवरून गेला. टेक्सेराची किक गोलकीपर डॅनियल अजेईनं अडवली, इमॅन्युएल बादूनं आपली घातली. ४-३.

धागा काढायचं कारण असं. परवा एका मित्राला हे सांगत होतो. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "बरं, पण त्यातले पुढे मोठे कोण झाले?" मला हा प्रश्न दर वेळी खुपतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी त्या रात्री जे केलं ते तिथंच पुरं झालं. पुढच्या करिअरचा हिशेब लावून ते लहान करायचा हक्क कुणालाच नाही. तुम्हाला काय वाटतं?

ठाणेकरीण

मला तुमच्या मित्राचा प्रश्न योग्य वाटतो.

वयोगटाच्या स्पर्धा कप वाटण्यासाठी भरवत नाहीत, मोठ्या संघाला खेळाडू मिळावेत म्हणून भरवतात. आफ्रिकेतलंच आणि त्याच वर्षातलं उदाहरण घ्या. कैरोनंतर महिन्याभरात नायजेरियात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला. १५ नोव्हेंबरला अबुजाच्या फायनलमध्ये सेफेरोविचच्या गोलवर स्वित्झर्लंडनं यजमानांना १-० हरवलं. त्या स्विस संघात ग्रॅनिट झाका होता, रिकार्डो रॉड्रिगेझ होता. कबूल, चांगली पिढी. पण त्याच स्पर्धेत नेमार आणि कुटिन्यो असलेला ब्राझील साखळीतच बाद झाला. सोन ह्युंग-मिनचा कोरिया उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाकडून हरला. कप हातात नव्हता म्हणून नेमारचं किंवा सोनचं काय अडलं?

आणि आता डॉमिनिक अदिया. कैरोत ८ गोल, सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच, सर्वाधिक गोलांचाही त्यालाच. तेव्हा तो नॉर्वेत फ्रेडरिकस्टाडकडे होता. स्पर्धेनंतर एसी मिलाननं त्याला उचललं. मिलानसाठी तो लीगचा एकही सामना खेळला नाही. या देशातून त्या देशात उसना जात राहिला. वीस वर्षांच्या स्ट्रायकरला दर आठवड्याला खेळायला मिळणं हेच अन्न असतं, आणि त्या कपानं तेच हिरावलं. घाना लवकर बाद झाला असता तर हा मुलगा नॉर्वेत आणखी दोन मोसम शांतपणे खेळला असता.

पेठकरी

ताई, दोन मोसम शांतपणे खेळून तो काय झाला असता हे कुणाला म्हाईत? नॉर्वेत त्याचा गुडघाबी गेला असता.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फायनल असली की आख्खी पेठ मैदानावर असते. शेवटच्या पाच मिनटात गोललाईनवरनं बॉल काढणाऱ्या पोराला पुढं आयलीगमधी कुणी घेतलं का, असं आमच्यात कोण इचारत न्हाई. तीस वर्सांनंबी त्याला वळखतात ते त्या बॉलवरनं. त्यो माणूस आज रिक्षा चालवतोय का बँकेत हाय, त्याच्याशी त्या बॉलचा काय संबंध? डावखुरांशी मी शंभर टक्के सहमत.

दहा जणांनी ८३ मिनटं ब्राझीलला अडवायचं म्हणजे काय, ते एकदा दहा जणांनी खेळून बगा. एक जण कमी झाला की सगळ्यात आधी दोन्ही बाजू उघड्या पडत्यात. बगलवाल्याला मागं येऊन बॅकचं काम करायला लागतंय, मग बॉल मिळाला तरी पुढं कुणीच नसतंय. बॉल लांब मारायचा, श्वास घ्यायचा, तो परत येतोय, परत मारायचा. ज्यादा येळंत पायात गोळे यायला लागत्यात. घानाच्या पोरांनी ते केलंय.

मधली फळी

भावनेत वाहून जाऊ नका. मूळ प्रश्न बाजूला ठेवला तरी १२० मिनिटांत शून्य गोल करून पेनल्टीवर मिळालेल्या विजयाला एवढं डोक्यावर का घ्यायचं? पेनल्टी म्हणजे नाणेफेक. मायकॉनचा पाय जरा कमी उचलला गेला असता तर हा धागाच निघाला नसता. दुसरं, आफ्रिकन ज्युनियर संघांच्या वयाबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. ते धरून या कपाकडे पाहावं लागेल.

डावखुरा

@मधली फळी, दुसऱ्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण तो मला लागला.

वयचोरी झालेली आहे, अनेक देशांत, आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही. म्हणूनच फिफानं २००९ सालीच नायजेरियातल्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी आणली. मनगटाजवळच्या हाडाची वाढ पूर्ण झालेली दिसली तर वय सतराच्या वर असण्याची शक्यता फार मोठी, असा त्यामागचा विचार. पण 'बोललं जातं' एवढ्यावर कैरोत खेळलेल्या प्रत्येक मुलाला संशयाच्या पिंजऱ्यात उभं करायचं? ठरावीक खेळाडूबद्दल काही सिद्ध झालेलं असेल तर मांडा. नसेल तर हा मुद्दा मागे घ्या, अशी विनंती करतो.

आता पेनल्टी. हा संघ नशिबावर फायनलला आलेला नव्हता. साखळीत इंग्लंडला ४-०. मग दक्षिण आफ्रिकेला जादा वेळेत २-१. कोरियाला ३-२, उपांत्य फेरीत हंगेरीला ३-२. प्रशिक्षक सेलास टेटे यांचा हा संघ गोल करणारा होता. लाल कार्डानंतर त्याला आपला सगळा स्वभाव बदलावा लागला आणि त्यानं तो बदलला. मला मोठेपण दिसतं ते इथं.

सासष्टीकर

मी गोंयचो. घानाचा तो सामना मी पाहिलेला नाही, पण १७ ऑक्टोबर २०१७ला फातोर्ड्याला होतो. सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडे आला होता तेव्हा. माली ५, इराक १. त्या मालीच्या पोरांनी आम्हाला वेड लावलं. चेंडू गेला की तिघं एकदम धावून जायचे, परत मिळवूनच थांबायचे. लासाना एन्दियाये नावाच्या स्ट्रायकरनं त्या स्पर्धेत सहा गोल केले. पुढे माली नवी मुंबईत स्पेनकडून ३-१ हरला, कप मिळाला नाही. स्टँडमधून घरी जाताना त्यातला कोण युरोपात जाईल हा विचार कुणाच्या मनात नव्हता. आम्ही त्या ९० मिनिटांचंच बोलत होतो, अजूनही बोलतो.

तरी ठाणेकरीण यांचं पूर्ण खोडता येत नाही. त्याच स्पर्धेत दिल्लीला घानानं भारताला ४-० हरवलं, आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. आपल्या जीक्सनच्या कोलंबियाविरुद्धच्या एकुलत्या एका गोलवर आपण किती दिवस जगलो! आणि नंतर? त्या पिढीला पुरेसे सामने मिळावेत म्हणून काय केलं, हा प्रश्न विचारायलाच हवा ना?

ठाणेकरीण

सासष्टीकर, मी नेमकं हेच म्हणते आहे.

डावखुरा आणि पेठकरी, त्या रात्रीचं शौर्य मी नाकारत नाही. माझा राग आहे तो त्या शौर्याचा बाजार कसा भरतो त्यावर. संघात २१ मुलं असतात. फायनलच्या दुसऱ्या दिवशी एजंट येतात ते चार-पाच जणांसाठी. बाकीच्यांना घरी कोण न्यायला येतं? फिफाचा नियम आहे की खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर रकमेतला ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा १२ ते २३ या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांना मिळावा. कागदावर उत्तम. पण घानातल्या आक्राच्या एखाद्या गल्लीतल्या क्लबानं कागदपत्रं जपलेली नसतील तर तो वाटा कोणाच्या खिशात पडणार?

आणखी एक. घानानंतर आफ्रिकेला हा कप पुन्हा मिळायला १६ वर्षं लागली. २०२५ साली सांतियागोत मोरोक्कोनं अर्जेंटिनाला २-० हरवलं. मोरोक्कोनं मधल्या काळात सलेजवळ अकादमी उभी केली, प्रशिक्षक घडवले, मैदानं बांधली. कैरोच्या कपातून घानात असं काय उभं राहिलं? 'ती रात्र तिथंच पुरी झाली' हे तुम्ही कौतुकानं म्हणता. मला तेच वाक्य आरोपासारखं ऐकू येतं.

पेठकरी

ह्यो आरोप संघटनेवर ठेवा की. पोरांवर न्हाई.

मधली फळी

वयाचा मुद्दा मागे घेतो. माझ्याकडे ठोस काही नव्हतं, तसं लिहायला नको होतं. पेनल्टीबद्दलचं मत कायम.

डावखुरा

@ठाणेकरीण, ५ टक्क्यांचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, आणि तो राग माझाही आहे. पण 'काय उभं राहिलं' याचं थोडं उत्तर मैदानावर आहे. तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, यातली कितीतरी पोरं अंगोलात आफ्रिकन करंडक खेळली आणि घाना फायनलपर्यंत गेला. इजिप्तनं १-० हरवलं.

आणि २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, १-१, जादा वेळेतलं शेवटचं मिनिट. उरुग्वेच्या गोलात जाणारा तो हेडर सुआरेझनं हातानं अडवला. हेडर कुणाचा होता? अदियाचा. त्यावर मिळालेली घानाच्या ग्यानची पेनल्टी बारला लागली एवढं सगळ्यांच्या लक्षात आहे. कोणताही आफ्रिकन संघ तोवर गेला नव्हता अशा उपांत्य फेरीच्या दारात घानाला नेणारा चेंडू मिलाननं न खेळवलेल्या मुलाच्या डोक्यावरून आला होता, हे कुणी सांगत नाही. नंतरच्या शूटआउटमध्ये त्याचीही किक अडवली गेली.

कैरोतला कर्णधार आंद्रे आयू त्या दिवशी निलंबित होता, बाहेर बसून पाहत होता. बारा वर्षांनी, डिसेंबर २०२२ला कतारमध्ये पुन्हा उरुग्वे समोर आलं. तेव्हाही तोच कर्णधार, पेनल्टी मिळाली, त्यानंच घेतली आणि ती अडवली गेली. कैरोत मात्र त्याच आयूनं आपली पेनल्टी घातली होती. या दोन किकांपैकी कोणती खरा आयू दाखवते, हे तुम्ही कसं ठरवाल?

ठाणेकरीण

दोन्ही. ते मी मान्य करते. पण उरलेल्यांची नावंही तुम्ही अशीच घेऊ शकाल तेव्हा मी माझा मुद्दा सोडेन.